फाईलच्या नावातला श्री

मंडळी, आज सकाळी घाम फुटला.

मार्केट यार्डातल्या एका अडत्याकडे माझा प्रोग्रॅम आलेल्या मालाची यादी छापतो. आज तो नुसताच थांबून राहिला. बाहेर टेम्पोंची रांग. शेठ फोनवर म्हणाले, "मॅडम, भाजी थांबत नाही."

शेवटी फाईलचं नाव दिसलं: ||श्री||आवक.

माझा प्रोग्रॅम ते नाव जसंच्या तसं शेल (लिहिलेले हुकूम कॉम्प्युटरकडून करवून घेणारा प्रोग्रॅम) कमांडला चिकटवतो: यादी क्रमाने लाव, पाइपमधून प्रिंटरला दे. शेलला मात्र उभ्या रेघा म्हणजे कमांड तोडायची खूण. नाव बाजूला पडलं आणि कुठली फाईल हेच न कळलेली कमांड यादीची वाट बघत बसली.

रेघा काढल्या, यादी निघाली. फाईल बनवणारे तिथले दिवाणजी म्हणाले, "अहो, नवी फाईल. श्री नको लिहायला?"

त्यांनी श्री लिहिला, म्हणून नुसतं अडकलं. कुणी नावात फाईली पुसायची कमांड लिहिली असती, तर माझ्या प्रोग्रॅमने तीही मुकाट चालवली असती.

तुमचा काय करतो, बघितलंय कधी?