माझं जाड दार आणि आईचा धूर

माझं जालन्यात इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं तेव्हाची, म्हणजे नव्वदनंतरची गोष्ट. थोरल्या भावाला घरच्यांनी शिकायला घातलं आणि मला जळालेल्या पंपांच्या मोटारी भरायला. तो प्राध्यापक झाला, मी दुकानदार. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, असं मी दर दिवाळीला म्हणतो.

आई केदारखेड्याला एकटी राहायची. गुडघे धरले होते. भावाचं म्हणणं, तिनं औरंगाबादला त्याच्या फ्लॅटमध्ये यावं. ती गाव सोडायला तयार नव्हती. मी मध्ये पडलो. गिऱ्हाइकांशी घासाघीस करण्यात जन्म गेलेला, त्यात भाऊ म्हणजे किस झाड की पत्ती. ठरलं असं की घर मी तिच्या सोयीचं करून द्यायचं, पण एकदा जरी भानगड झाली तर तिनं मुकाट्यानं फ्लॅटवर जायचं.

मी जीव ओतला. दिव्यांची बटणं खाटेच्या उशाशी. मोरीत धरायला लोखंडी पाइप. संडासाचं दार उघडलं की आत दिवा आपोआप लागायचा. त्यासाठी भंगारातल्या फ्रिजचं बटण काढून चौकटीत बसवलं होतं. वाकून चूल फुंकायला नको म्हणून अंघोळीच्या पाण्याला हीटर आणि चहाला शेगडी, तीही विजेचीच. उशाशी बेल, तिची तार थेट शेजारच्या वहिनीच्या स्वयंपाकघरात. चोराची भीती नको म्हणून जाड फळ्यांचं दार आणि आतून दणकट कडी. हल्ली अशा घरांच्या रंगीत जाहिराती येतात. त्या पाहिल्या की माझं डोकं फिरतं.

पहिल्याच सकाळी आई हीटर लावून मोरीत शिरली आणि बाहेर गल्ली गोळा झाली. आमच्या गल्लीत एकट्या माणसाला कुणी रोज उठून ‘बरी आहेस का’ विचारत नाही. तिच्या पत्र्यावर चुलीचा धूर दिसला की ज्यानं त्यानं आपल्या कामाला लागायचं. ही रीत मला कुणी सांगितली नव्हती. त्या दिवशी धूर नाही. वहिनीनं हाका मारल्या, पण दार माझं, आवाज आत जाईल कसा. बेलही वाजली नव्हती. त्यावरून वहिनीच्या नवऱ्यानं हिशेब लावला की मावशीला (आईला सगळी गल्ली मावशीच म्हणते) बटण दाबायलाही सवड मिळाली नाही. त्यानं पहार आणली.

दार आडवं झालं तेव्हा आतून आवाज आला, “थांबा रे मुडद्यांनो, लुगडं तरी नेसू द्या.”

तोवर कुणीतरी एसटीडीवरून आम्हा दोघांना, मावशी गेली, असं कळवून मोकळं झालं होतं.

आम्ही पोचलो तर आई त्याच आडव्या दारावर बसून गल्लीला चहा पाजत होती. भावानं डोळे पुसले आणि लगेच म्हणाला, आता सामान बांध. मी भडकलो. हीटर नीट चालला, बेलीत बिघाड नव्हता, दार तर असं की पहार लागली. मग भानगड कसली? तो म्हणाला, बोली ती बोली.

आईनं कप खाली ठेवला. “येते. तुह्या फ्लॅटात चूल हाय का?”

“गॅस आहे, आई.”

“मंग माहा धूर न्हाई दिसला तर दार कोन फोडंल?”

समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, एवढंच मी भावाला विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं. मला फार बरं वाटलं.

पण आई माझ्याकडे वळली. “तू लई हसू नको. उद्यापासून चूल पेटल.”

मग आमची घासाघीस सुरू झाली. शेवटी अंघोळ हीटरवर ठरली. चूल उंच ओट्यावर, म्हणजे वाकायला नको, आणि रोज कपाशीच्या मूठभर पऱ्हाट्या फक्त धुरासाठी. नव्या दाराच्या कडीला दोरी बांधून ती भोकातून बाहेर सोडायची, वहिनीला ओढता यावी म्हणून. मी म्हणालो, चोरही ओढेल की. आई म्हणाली, त्याला दोरी कोण दाखवणार? कडी घेताना मी दुकानदाराशी तासभर भांडलो होतो आणि तिला ही दोरी.

आई तिथंच राहिली. भाऊ चारचौघांत सांगतो, आम्ही आईसाठी घरात सगळी सोय केली. आम्ही! वहिनीच्या नवऱ्यानं दाराच्या भरपाईबद्दल अजून एक शब्द काढलेला नाही.

तेव्हापासून मी गावात एसटीतून उतरलो की आधी आमच्या पत्र्याकडे बघायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, बेलीची तार जागेवर आहे का ते बघतोय.