खरखरचाचांचं मत

रेडिओची खरखर ऐकून बातमी सांगणारा माणूस मी एकच पाहिला. मोताळ्याच्या बाजारात रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवणारे आमचे खरखरचाचा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

शाळा सुटली की आम्ही मास्तरमंडळी त्यांच्याकडे चाचींच्या चहाला टेकत असू. चाचा सेटला कान लावून सांगत, "हे कुरकुर गिरणीची. अन् हे तडतड इजेची, लांब आहे अजून." आम्ही बातम्या ऐकू लागलो की चिडत. "बातम्या तं कोनीही आयकते मास्तर, मधातलं आयका!"

मध्यम लहरींचं प्रक्षेपण डिजिटल करायचं, असं तेव्हा घाटत होतं. तसं झालं असतं तर जुने सेट मुकेच. नवा आवाज ऐकवून लोकांचं मत घ्यायला रेडिओ केंद्राचे एक तरुण साहेब बाजारच्या दिवशी आले. चाचा आपला जुना सेट काखोटीला मारून हजर.

साहेबांच्या सेटवर गाणं इतकं स्वच्छ लागलं, की गाणारणीचा श्वासही ऐकू आला. चाचांच्या सेटवर नुसती तडतड. लोक हसले.

"हासता काय बे! ईज जवळ येऊन राह्यली. कापूस झाका!"

"पण आजोबा, माझ्या सेटवर काहीच नाही."

"तुमचा सेट सभ्य आहे साहेब. खराब खबर सांगतच नाही."

ऊन लख्ख होतं, तरी चाचांच्या शब्दावर कापसाच्या गाड्यांवर ताडपत्र्या पडल्या. अर्ध्या तासात गारा! नवा सेट अडखळला, मग गप्पच झाला. साहेबांनी तो पोटाशी धरून चाचांच्या दुकानात आसरा घेतला.

गारा थांबल्यावर त्यांनी ओशाळून वही काढली. "तुमचा विरोधच लिहितो."

"थांबा. पहिले थे गानं लावा."

सेट पुन्हा बोलू लागला होता. चाचांनी डोळे मिटून गाणं पुरतं ऐकलं. चाची जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"चाळीस साल बायको वरडत होती, थे खरखर बंद करा म्हनून. मले नाही जमलं. तिले हे आयकवाले पाह्यजे होतं."

"मग काय लिहू?" साहेबांनी हळूच विचारलं.

"दोन्ही लिहा. विरोध माह्या नावानं, पाठिंबा तिच्या."

साहेबांनी खरंच तसं लिहिलं आणि चाचींचं नाव विचारलं. इतकी वर्षं त्यांच्या हातचा चहा पिऊन आम्हालाही ते त्या दिवशीच कळलं. जुबेदा.