एका रांजणाचा परवाना

दारव्ह्याहून लग्न होऊन मी पांढरकवड्याला आले, तेव्हा सासूबाई घराच्या पुढच्या दोन खोल्या मुक्कामाला देत. कोर्टाच्या तारखेला खेड्यावरून आलेली माणसं रात्रीपुरती टेकायची. तांड्यावरची, कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची म्हणजे पोडावरची, कुणीही. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच सासूबाईंनी दारात एक रांजण मांडला होता आणि सांगून टाकलं होतं, याच्यातलं पाणी सगळ्यांचं.

मग हुकूम निघाला, पैसे घेऊन माणसं ठेवायची तर परवाना पाहिजे. चुना मारलेल्या भिंती, संडास, झाकणाचा रांजण, लांब दांड्याचं ओगराळं. सासूबाईंनी सगळं केलं. परवान्याचे साहेब आले, खूश झाले, आणि जाता जाता म्हणाले, वरच्या जातीच्या लोकांसाठी वेगळा रांजण ठेवा, म्हणजे सही करतो.

"हे कागदात हाये का, साहेब?"

नव्हतं. मग सासूबाईंनी रांजण ठेवला नाही आणि साहेबांनी सही केली नाही. मी त्यांच्या जागी असते तर मुकाट्यानं दोन मांडले असते, खोटं कायले बोलू? घर त्या खोल्यांवरच चालत होतं. पण ही बाई मोठी खट. तिनं पैसे घेणंच बंद केलं. पाहुण्याले कुठं परवाना लागते, म्हणाली. आम्ही ज्वारीच्या कण्यांवर आलो.

साहेबांना काही हे पटेना. एका संध्याकाळी ते अचानक येऊन उभे राहिले. एक जरी भाडेकरू निघाला असता तरी खोल्यांना कुलूप लागलं असतं. बाई तुमची कोण, असं ते एकेकाला विचारू लागले. तांड्यावरचा म्हातारा म्हणाला, भेन. पोडावरची कोलामीण म्हणाली, माय. राहिले एक पाटील. कोर्ट जवळ म्हणून ते आमच्या ओट्यावर झोपत, पण पाणी घरून तांब्यात आणत. आमच्या रांजणाकडे कधी पाहतसुद्धा नसत.

पाटील उठले. रांजणात ओगराळं बुडवलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा पाणी प्यायले.

"बहिणीच्या घरी पाणी प्याले परवाना लागते काय, साहेब?"

मला रडूच फुटलं. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"झाकण ठेवा, दादा," त्या म्हणाल्या. "ते कागदात हाये."

पाटलांनी झाकण ठेवलं. साहेबांनी परवान्याचा कागद मागितला आणि खिशातून पेन काढला.