पंचफुलाला मी बसमधून उतरवलं

हे अजून कुणाच्याही कानावर गेलेलं नाही. सुनेच्याही नाही, आणि तिच्यापासून तर मी चोरून खाल्लेला लाडूसुद्धा लपवू शकत नाही. दुखऱ्या कानात कोमट तेल टाक, असं मी एकदा एका बाईला सांगितलं. मोठी डॉक्टरीण! हसा. मीही हसते — पण तेवढ्याच भागावर.

तेव्हा मी चाळिशीची, गावाच्या तंटामुक्ती समितीत. पोलिसांनी गावाला सोबत घ्यायचं, भांडणं गावातच मिटवायची, आणि तंटामुक्त ठरेल त्या गावाला सरकारी बक्षीस, अशी ती योजना. मला बिल्ला मिळाला होता. भाकरी थापतानाही तो पदरावर. म्हशीनं चाटला, तर मी म्हशीवर डाफरले — सरकारी वस्तू आहे म्हणून. अशी मी.

त्या वर्षी ठाण्यात आमच्या गावची एकही तक्रार नव्हती. याला आम्ही शांतता म्हणत होतो. नवरे मारत नव्हते का? दारू गाळत नव्हते का? आमच्याच गल्लीत गाळत होते! पण कागदावर गाव कोरं होतं, आणि बक्षिसाची तपासणी आठवड्यावर आलेली.

आणि शेजारची पंचफुला सकाळच्या बसमध्ये जाऊन बसली. नवऱ्यानं कानशिलावर लाकूड हाणलं होतं. ठाण्यात चालली होती, एकटी. कंडक्टरनं घंटी मारायच्या आत मी चढले, तिची पिशवी उचलली आणि खाली उतरले. पिशवीमागे ती उतरली. इतकं सोपं — काकू म्हणायची ना मला.

समितीसमोर समझोता झाला. ‘आपसात मिटले’ — खाली तिची सही, साक्षीदार मी. फोटोसाठी नवऱ्यानं तिला पेढा भरवला. सुजलेल्या जबड्यानं तिला चावता येईना, आणि मी म्हणते, “हास नं वं पंचफुला.” कानात सारखं गुणगुणतं म्हणाली, तेव्हा ते तेल.

वेशीवर तंटामुक्त गावाची पाटी लागली. नवरा मारतच राहिला, आता अगदी बिनधास्त. ही जाणार कुठे? बसच्या दारात बिल्लेवाली उभी.

मला भोळी म्हणू नका. सगळं कळत होतं मला. मला ती पाटी हवी होती.

मागच्या वर्षी तिचा नवरा वारला. महिन्याभरानं मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. चार शेंगा मीही घेतल्या, आणि मान खाली घालून सगळं बोलले — बस, पिशवी, पेढा, सही. पुटपुटत बोलले, पण एकही गोष्ट गाळली नाही. ती सोलत राहिली. मी थांबले, तेव्हा तिनं वर पाहिलं.

“काकू, काही म्हणून राह्यल्या का? इकडच्या बाजूनं बसा. त्या कानानं मले काहीच ऐकू येत नाही.”