सिल्लोडला बर्फाची देवी नेली त्याची गोष्ट

नातीच्या नाटकाला सोबत जायला कुणी मिळेना, तेव्हा बबननं मला पुढं केलं. बबन माझा मुलगा, पल्लवीचा बाप. "सिल्लोडच्या स्पर्धेत नंबर आला तर ठीक, नायतर नाटक बंद," असं त्यानं पोरीला बजावलेलं. मी सांगते, पल्लवी टाइप करते. मधेच नाक मुरडते, पण तिकडं लक्ष देऊ नका.

नाटक ग्रीस देशातल्या खिओनीचं. ही बर्फाची देवी, बाप उत्तरेचा वारा. आता आमच्या उन्हात बर्फ आणायचा कुठून? नाटकातल्या पोरींनी गादीवाल्याकडून दोन पोती कापूस आणला. कापसाच्या बाजाराच्या गावाला आम्ही शहरातून कापूस घेऊन निघालो! कपाळ माझं.

जाणार असाल तर सिडको स्टँडवरून सकाळची बस धरा, उशिरा जागा मिळत नाय. बायांना अर्धं तिकीट, माझ्या वयाला तर फुकटच.

कंडक्टरनं विचारलं, "मावशी, पोत्यात काय?"

"बर्फ."

"मग सांभाळा, फुलंब्रीपर्यंत पाणी होईल."

सिल्लोडच्या चौकात गरम भजी खाल्ली. पल्लवीनं तोंड नाय लावलं, घसा बसेल म्हणे.

हॉल गच्च. खिओनीला समुद्राच्या देवापासून पोर होतं, अन् बापाच्या धाकानं ती ते समुद्रात टाकते. तालमीतच मी म्हटलं होतं, "ही तर आपली कुंती."

"आजी, तिकडं कुंती नसते."

धाक सगळीकडं असतो, मग कुंती नसेल कशी?

शेवटी खिओनी झालेल्या पल्लवीनं बाहुलीचं बाळ उचललं. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली, थेट मंचाशी आली अन् पदर पसरला. "टाकू नको माय. माझ्या पदरात दे."

पदर पसरलेल्या बाईला आमच्याकडं रिकामं पाठवत नाय. पण ही वेळ होती व्हय? मी पडद्याआडून खुणावतेय, "टाक, टाक!" पल्लवी वाकली अन् बाळ पदरात ठेवलं. उत्तरेचा वारा झालेली धिप्पाड पोरगी आत यायचं सोडून डोळे पुसत उभी!

परीक्षक चिडले. "समुद्र कुठं गेला?" नंबर गेला. बाहुली शेजारच्या पोरीची, ती मागितली तर म्हातारी म्हणते, "दिलेलं लेकरू परत मागतात व्हय?" अन् चालती झाली.

बसमध्ये मी पल्लवीला झापलं, "टाकायला काय झालं होतं?"

"आजी, तिनं पदर पसरला होता."

घरी बबन दारातच. "नंबर?" पल्लवीनं पोती खाली ठेवली. मग मीच सगळं सांगितलं.

बबननं एक पोतं उचलून खांद्यावर घेतलं. मग पोरीला म्हणाला, "म्हातारीच्या आधी मीच उठलो असतो."

"मग ये की पुढच्या खेळाला," मी म्हटलं.

येतो म्हणाला. म्हणजे नाटक चालूच, अन् बसमध्ये आता मला दोघांची कटकट.