लेबलाखालच्या पेशी

मानद फेलोशिपचं पत्र आलं तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या घरात सगळ्यांत जास्त मिरवले ते माझे यजमान. अख्ख्या बिल्डिंगला सांगून आले. मी पॅथॉलॉजिस्ट. गळ्यावरच्या गाठी सुईने तपासण्याच्या माझ्या कामासाठी हा मान होता आणि समारंभात भाषण करायचं होतं. भाषणाची मला सवय नाही, पण धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीने.

भाषणात दाखवायला नमुन्यांच्या जुन्या काचेच्या स्लाइड्स काढल्या. एकीचं लेबल डिंक वाळून गळून पडलं आणि त्याच्याखालीही नमुना पसरलेला दिसला. लॅबचं नाव छापलेली ही लेबलं मी स्वतः चिकटवायचे. सरळ बसली पाहिजेत असा माझा हट्ट. झाकलेली ती कड मायक्रोस्कोपखाली पाहिली. कॅन्सरच्या पेशींचा पुंजका होता. रजिस्टरात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, साधी गाठ.

पेशंट बाई कळव्याच्या, बालवाडीत शिकवणाऱ्या. रिपोर्ट चांगला आला म्हणून माझ्यासाठी पेढे घेऊन आल्या होत्या. मी खाल्लेही.

दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. यजमानांना वाटलं, भाषणाची धास्ती घेतलीय. मी हो म्हटलं. फोन नंबर रजिस्टरात होता, पण लावायची छाती होत नव्हती. त्या नसतील तर त्यांच्या मुलांना काय सांगू? तिसऱ्या दिवशी लावला. त्यांनीच उचलला आणि मला रडूच फुटलं. कसंबसं सगळं सांगितलं, माफी मागितली.

"अहो मॅडम, ते कळलेलं आम्हाला," त्या म्हणाल्या. "गाठ वाढायला लागली म्हणून ठाण्याला दाखवलेलं. ऑपरेशन झालं. आता बरी आहे मी."

मला का नाही कळवलंत, मी विचारलं.

"तुमचं एवढं नाव. म्हटलं, कशाला त्यांना वाईट वाटायला लावा."

समारंभात मी ती स्लाइड दाखवली आणि चूक माझी होती असं स्पष्ट सांगितलं. खूप टाळ्या पडल्या. शाल घालताना अध्यक्ष म्हणाले, कबूल करायलाही मोठं मन लागतं. मला त्यांच्याकडे बघवेना. एक बाई माझ्या भिडेखातर गप्प राहिल्या. तशा आणखी किती जणी राहिल्या असतील? आणि ज्या सांगायला उरल्याच नाहीत, त्या?