दुष्काळी कामावरचा फॉरवर्ड

दुष्काळात पाथर्डीजवळ खडी फोडायच्या सरकारी कामावर मी मजुरांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरायचो. आमच्या शाळेच्या फुटबॉल संघातला फॉरवर्ड तिथंच हातोडा घेऊन बसलेला असायचा. एका जुन्या मासिकात मला तुर्कस्तानच्या फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळातल्या एका फॉरवर्डची हकिकत सापडली. गल्लीतला पोरगा देशाच्या संघापर्यंत पोचला होता. भाकरीच्या सुट्टीत मी ती त्याला वाचून दाखवली.

"त्याची हजेरी कोन लावायचं रं?" तो म्हणाला.

सोमवारी नगरला जिल्ह्याच्या कुमार संघाची निवड होती. एक खाडा झाला की मस्टरवरून नाव जायचं. पण त्याच्या जागी बहिणीला बसवायला मुकादम तोंडी तयार झाला होता. मला ती भीक वाटली. खेळाडूची रजा हा हक्क आहे, असा अर्ज मी थेट तहसीलदाराला ठोकला.

मुकादम फॉरवर्डला म्हणाला, "आता कागद झाला. बदली चालायची न्हाई."

सोमवारी मी कामावर गेलो, तर तो खडी फोडत होता. मी व्यवस्थेला शिव्या घालू लागलो.

"तुला कुनी इचारलं हुतं?" एवढंच तो म्हणाला. पुढच्या निवडीपर्यंत त्याचं वय निघून गेलं.